एका खिडकीची गोष्ट : लंडनच्या रुग्णालयांतून एक फेरफटका

लंडनला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये कोणते फोटो असतील, हे न बघताही सांगता येतं. बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय, राजवाड्यासमोरचे लाल डगलेवाले शिपाई. हे सगळं बघायलाच हवं. पण तुमची मुलगी, भाचा किंवा जुना मित्र तिकडे असेल आणि तुमच्या हाती एखादा दिवस मोकळा असेल, तर एक वेगळी वाट सुचवावीशी वाटते. ही वाट रुग्णालयांची आहे.

दचकू नका. फिरायला गेल्यावर हॉस्पिटल कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या वाटेवर नऊशे वर्षांचा इतिहास आहे, मोठी चित्रं आहेत, नदी आहे, आणि एक प्रश्न आहे जो आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी येऊन उभा राहतो. डॉक्टर आपलं काम करत असतात, सलाईन चालू असतं, रिपोर्ट येत असतात. तरी पलंगावरचं माणूस रात्री छताकडे बघत विचारतं, "माझ्याच वाट्याला हे का आलं?" या प्रश्नाला कुठल्याही तपासणीत उत्तर नसतं. मग ते द्यायचं कोणी?

इंग्लंडमधल्या रुग्णालयांत या प्रश्नापाशी बसणारा एक माणूस नेमलेला असतो. त्याला चॅप्लेन म्हणतात. आपल्याकडे मिशन रुग्णालयांच्या गावी राहणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा असेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चॅप्लेनांचा स्वतंत्र विभागच आहे. बाकी बहुतेकांना मात्र नाव ऐकून चार्ली चॅप्लिनच आठवेल. तेही फार चुकीचं नाही, कारण ते आडनाव याच शब्दावरून आलेलं आहे.

शब्दाची गोष्ट गोड आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत वेशीपाशी कुडकुडणारा भिकारी त्याला दिसला. त्याने आपल्या झग्याचे तलवारीने दोन तुकडे केले आणि अर्धा त्याला दिला, अशी आख्यायिका आहे. पुढे मार्टिन संत मानला गेला. त्याच्या झग्याला लॅटिनमध्ये 'कापेल्ला' म्हणत. तो जिथे जपून ठेवला ती जागा चॅपेल, आणि तो जपणारे ते चॅप्लेन. आपली अर्धी शाल दुसऱ्याच्या अंगावर घालणं, असा या कामाचा मूळ अर्थच आहे म्हणा ना.

चला, आता निघू या.

पहिला थांबा : फाटकावर राजा, जिन्यावर रुग्ण

बार्बिकन किंवा फॅरिंग्डन स्टेशनला उतरलात की स्मिथफील्ड चालत काही मिनिटांवर. हा जुना मांसबाजाराचा भाग. इथेच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय उभं आहे. लंडनकर लाडाने त्याला नुसतं 'बार्ट्स' म्हणतात. त्याच्या दगडी फाटकावर आठव्या हेन्री राजाचा पुतळा दिसेल. तो बघून आत शिरण्याआधी एक साल लक्षात ठेवा : ११२३.

म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी हे रुग्णालय याच जागेवर सुरू झालं होतं, आणि आजही इथेच आहे. ते उभारलं राहेर नावाच्या माणसाने. तो पहिल्या हेन्री राजाच्या दरबारातला. रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे आजारी पडला. बरा झालो तर गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधीन, असा नवस तो बोलला आणि परत येऊन त्याने तो फेडला. शेजारीच त्याने मठही उभारला. त्या मठाचं चर्च, सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट, अजून आहे आणि राहेरची समाधी तिथेच आहे. आत गेलात तर दोन मिनिटं खांबांकडे बघत शांत बसा. जाड, बसके, गोल खांब आहेत. जुन्या हेमाडपंती देवळात शिरल्यावर जो गारवा जाणवतो, तसाच काहीसा इथे जाणवतो.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद केले. इथला मठही गेला. रुग्णालय मात्र लंडनच्या लोकांनी जाऊ दिलं नाही. ते नव्याने उभं राहिलं. त्याच्या आवारात सेंट बार्थोलोम्यू द लेस नावाचं दुसरं छोटं चर्च आहे. रुग्णालयाचं आवार हाच त्या चर्चचा पॅरिश, म्हणजे त्याची वस्ती, असं कित्येक शतकं चाललं.

आता विज्ञानाची बाजू बघा. १६०९ मध्ये विल्यम हार्वे इथे डॉक्टर म्हणून रुजू झाला. शरीरात रक्त गोल फिरतं आणि हृदय हा त्याचा पंप आहे, हे त्याने १६२८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. शाळेत शिकलेली रक्ताभिसरणाची आकृती आठवते? तिची मुळं अशी या आवारापर्यंत येतात. आज बार्ट्स हृदयरोग आणि कर्करोगावरच्या उपचारांसाठी ओळखलं जातं. हार्वेचं हृदय आणि राहेरचा नवस एकाच पत्त्यावर राहतात, आणि त्यांचं आपसात भांडण झालेलं दिसत नाही.

इथली बघायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे नॉर्थ विंगच्या जिन्यावरची विल्यम होगार्थची भव्य चित्रं. ती बघायच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. होगार्थ इथून हाकेच्या अंतरावर जन्मला. जिन्यावर चित्रं काढायचं काम एका इटालियन चित्रकाराला मिळणार, असं कळल्यावर त्याने एक पैसाही न घेता ते अंगावर घेतलं. १७३६ आणि १७३७ मध्ये चित्रं पुरी झाली.

त्यातलं एक चित्र बेथेस्दाच्या तळ्याचं आहे. बायबलमधली गोष्ट अशी. त्या तळ्याचं पाणी अधूनमधून ढवळलं जाई आणि तेव्हा जो पहिला पाण्यात उतरेल तो बरा होतो, असा समज होता. काठावर अडतीस वर्षं आजारी असलेला एक माणूस पडून होता. येशूने त्याला विचारलं, तुला बरं व्हायचंय का? त्यावर त्याने हो किंवा नाही म्हटलं नाही. मला पाण्यात उतरवणारं माझं कोणी नाही, असं तो म्हणाला.

चित्रात त्याच्याभोवती इतर रुग्णांची गर्दी आहे. होगार्थने एकेकाचं दुखणं इतकं बारकाईने रंगवलंय की कोणाला काय झालं असावं, याचं निदान करायचा मोह डॉक्टरांना आजही होतो. एका भिंतीवर दोन्ही गोष्टी आहेत. एक, रोग नीट बघणारा डोळा. दुसरी, माझं कोणी नाही म्हणणारा आवाज. रुग्णालयाला दोन्ही लागतात, हे या जिन्यावर उभं राहिल्यावर फार न बोलता समजतं.

दुसरा थांबा : नदीकाठची भिंत

बार्बिकनहून सर्कल लाइनची गाडी थेट वेस्टमिन्स्टरला जाते. बाहेर आलात की डोक्यावर बिग बेन. फोटो काढा आणि पूल ओलांडून पलीकडे चला. समोर, संसदेच्या बरोबर पैलतीरावर, सेंट थॉमस रुग्णालय आहे. हा भाग लॅम्बेथचा. मघाशी ज्याचं नाव आलं त्या चार्ली चॅप्लिनचं हलाखीचं बालपण याच परिसरात गेलं.

हे रुग्णालय जुन्या जागेवर होतं तेव्हा, १८६० मध्ये, तिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेलची परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिच्या नावाचं संग्रहालय रुग्णालयाच्या आवारातच आहे. हातात दिवा घेतलेली बाई, एवढीच ओळख आपल्याला शाळेत करून देतात. खरं तर ती आकड्यांची पक्की होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीमुळे होणाऱ्या रोगांनी जास्त मरतात, हे तिने आकृत्या काढून सरकारला पटवलं. आणि हीच बाई आयुष्यभर म्हणत राहिली की या कामाचं बोलावणं मला देवाकडून आलं. एकाच डोक्यात संख्याशास्त्र आणि श्रद्धा दोन्ही सुखाने नांदू शकतात, याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

आता रुग्णालय आणि थेम्स नदी यांच्यामधल्या पायवाटेवर या. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, भिंत तुम्हाला आपोआप दिसेल. साधारण अर्धा किलोमीटर लांब भिंत, आणि तिच्यावर हाताने रंगवलेली लाल बदामं. कोविडमध्ये ब्रिटनमध्ये गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. हे काम मार्च २०२१ मध्ये सुरू झालं. बदामांची संख्या दोन लाखांवर गेली आहे. कित्येकांत घरच्यांनी नावं लिहिली आहेत. जवळ जाऊन वाचलीत तर त्यात आपल्याकडची आडनावंही भेटतील.

ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. आपल्याकडेही माणसं वॉर्डात एकटी गेली आणि घरच्यांना शेवटचं बोलणं फोनवर करावं लागलं, फोन लागला तर. तेव्हा ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत चॅप्लेन ते संरक्षक कपडे चढवून आत जात होते. रुग्णाच्या कानाशी फोन धरत होते. घरून आलेला निरोप वाचून दाखवत होते. कोणासाठी प्रार्थना म्हणत होते, तर कोणाचा नुसता हात धरून बसत होते. व्हेंटिलेटर श्वास देत होता. माझं कोणी नाही, या वाक्याला उत्तर मात्र तो देऊ शकत नव्हता.

प्रार्थनेची गोळी नसते

इथे नदीकडे तोंड करून बसायला बाकं आहेत. जरा टेका, कारण एक नाजूक मुद्दा बोलायचा आहे.

विज्ञान आणि अध्यात्म यांचा पूल, असं म्हटलं की काहीजण लगेच म्हणतात, 'प्रार्थनेने रोग बरा होतो हे आता सिद्ध झालंय.' तर ते सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत हे तपासायचा मोठा प्रयत्न झाला. सहा रुग्णालयांतले हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना केली आणि तसं त्यांना सांगितलंही. २००६ मध्ये निकाल आला. पहिल्या दोन गटांत ५२ आणि ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाहीच. आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं!

याचा अर्थ देवाचं नाव घेऊ नका, असा नाही. प्रार्थना हे पॅरासिटामॉलसारखं मोजून द्यायचं औषध नाही, एवढाच आहे.

याच्या शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवून बघा. अमेरिकेतल्याच, कर्करोग बराच पुढे गेलेल्या रुग्णांवरचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनातल्या श्रद्धेच्या, अर्थाच्या प्रश्नांकडे डॉक्टर, नर्स आणि चॅप्लेन यांनी लक्ष दिलं, त्यांचे शेवटचे दिवस तुलनेने बरे गेलेले दिसले, आणि त्यातले अधिकजण हॉस्पिसच्या सेवेत गेले. एकामुळेच दुसरं झालं, असं अशा अभ्यासातून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की दिशा दिसते. लांबून कोणीतरी केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेचा निकाल बदलला नाही. जवळ येऊन कोणीतरी ऐकून घेतलं, तेव्हा माणसाचे दिवस थोडे सुसह्य झालेले दिसले.

चॅप्लेनचा पूल तो हाच. औषधाची जागा तो घेत नाही. औषध जिथवर पोचतं, त्याच्या पलीकडच्या काठावर रुग्ण एकटा पडू नये, हे तो बघतो.

तिसरा थांबा : सिडनमची काच

आता लंडन ब्रिज स्टेशनवर जाऊन सिडनमची गाडी पकडा. वीसेक मिनिटांत शहराची गर्दी मागे पडते, विटांची घरं आणि झाडं सुरू होतात. इथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस आहे. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांची वेदना कमी करून उरलेले दिवस चांगले जावेत म्हणून काळजी घेणारी जागा. हे प्रेक्षणीय स्थळ नाही. आत माणसं आपल्या आयुष्याचा शेवटचा भाग जगत आहेत. म्हणून बाहेरूनच बघा, हळू बोला. पण गोष्ट मात्र पूर्ण ऐका.

सिसिली सॉन्डर्स ही उंचपुरी मुलगी १९४० मध्ये सेंट थॉमसला, म्हणजे आपण मघाशी होतो तिथे, नर्सिंग शिकायला आली. पाठीच्या दुखण्यामुळे तिला नर्सचं काम सोडावं लागलं. मग ती रुग्णालयातली समाजसेविका झाली. या कामात तिला डेव्हिड तास्मा भेटला. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातून आलेला ज्यू निर्वासित. हॉटेलात वेटरचं काम करणारा, जवळचं कोणी नसलेला, वय अवघं चाळीस, आणि कर्करोग शेवटच्या टप्प्यात. आपल्यासारख्या माणसांना नीट मरता यावं अशी जागा कशी असावी, यावर दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ मध्ये तो गेला. जाताना त्याने तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवले आणि तुझ्या त्या घरातली एक खिडकी मी होईन, असं सांगून गेला.

घर तर कुठेच नव्हतं! हातात फक्त एका खिडकीचे पैसे.

मरणाऱ्या रुग्णांसाठी काही करायचं तर आधी डॉक्टर हो, असा सल्ला तिला एका शल्यविशारदाने दिला. तिशी ओलांडल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. मग लंडनच्याच सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये तिने वेदनेचा अभ्यास केला. वेदना असह्य होऊन रुग्ण ओरडेपर्यंत थांबायचं नाही, मॉर्फिन ठरलेल्या वेळी, नेमक्या मात्रेत देत राहायचं, हे तिने रुग्णांच्या नोंदी ठेवून दाखवून दिलं. हे विज्ञान होतं, आणि ते अगदी चोख होतं.

पण ती तिथे थांबली नाही. एकदा तिने एका रुग्ण बाईला विचारलं, तुमचं दुखणं कसं आहे ते सांगा. बाई म्हणाली, सुरुवात पाठीपासून झाली, पण आता सगळी मीच बिघडल्यासारखं वाटतंय. मग नवऱ्याचं आणि मुलाचं कौतुक केलं. माझ्यासाठी त्यांना कामावर रजा घ्यावी लागते, पैसे बुडतात, हे सांगितलं. आपल्याला कोणी समजूनच घेत नाही असं वाटायचं, हेही सांगितलं. या एका उत्तरात शरीर, मन, घर-पैसा आणि आत्म्याची तगमग असे चारही पदर होते. सॉन्डर्सने याला 'टोटल पेन' म्हटलं. आपण त्याला समग्र वेदना म्हणू. चार पदरांपैकी एकावरच औषध दिलं तर उरलेले तीन दुखतच राहतात.

म्हणून १९६७ मध्ये जेव्हा हे हॉस्पिस उघडलं, तेव्हा डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि चॅप्लेन यांनी एकत्र काम करायचं, हे धरूनच ते उभं केलं होतं. सॉन्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होती. पण दार सगळ्यांना उघडं होतं, धर्म असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. आणि हो, डेव्हिड तास्माची खिडकी तिथे आहे. प्रवेशाजवळ, साध्या काचेची. खिडकी हातात आल्यानंतर तिच्याभोवती घर बांधायला एकोणीस वर्षं लागली. २००५ मध्ये सिसिली सॉन्डर्स वारली, ती याच घरात.

चॅप्लेन नेमकं करतो तरी काय?

तुम्ही म्हणाल, ऐकून घ्यायला कशाला शिकावं लागतं? लागतं. या कामाचं पद्धतशीर शिक्षण अमेरिकेत सुरू झालं, तेही एका रुग्णाकडून. अँटन बॉयसन नावाच्या धर्मगुरूला १९२० मध्ये गंभीर मानसिक आजारामुळे रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यातून बाहेर आल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाला. १९२५ मध्ये त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणलं. पुस्तकं वाचता तशी माणसं वाचायला शिका, असा त्याचा आग्रह होता. रिचर्ड कॅबट या नामांकित डॉक्टरने त्याला पाठबळ दिलं. एक डॉक्टर आणि एक बरा झालेला रुग्ण मिळून हा अभ्यासक्रम उभा राहिला, हे विसरू नये.

ब्रिटनमध्ये १९४८ साली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून चॅप्लेन तिचा भाग आहेत. पूर्वी ते बहुतेक ख्रिस्ती धर्मगुरूच असत. आता या पथकांत मुस्लिम, ज्यू, शीख आणि हिंदू चॅप्लेनही दिसतात. देव न मानणाऱ्या रुग्णांसाठी देव न मानणारे सहकारीही असतात. २०१८ मध्ये बकिंगहॅमशायरमध्ये तर अशाच एका मानवतावादी बाईंकडे चॅप्लेनांच्या पथकाचं प्रमुखपद आलं.

त्यांचा दिवस कसा जातो? नर्सने कळवलं की वॉर्डात जायचं. 'बसू का?' असं विचारायचं, आणि नको म्हटलं तर परत फिरायचं. रुग्णाला गप्पा हव्या असतील तर गप्पा, मौन हवं असेल तर मौन. जन्मतःच दगावलेल्या बाळाचा निरोप आईबापांबरोबर घ्यायचा. रात्रपाळीत लागोपाठ दोन रुग्ण गमावलेल्या नर्सलाही चहा देऊन बसवायचं. आणि एक नियम फार कडक असतो : आपला धर्म कोणाच्या गळी उतरवायचा नाही.

तुमचं माणूस तिकडच्या वॉर्डात असेल तर

मुलांकडे राहायला गेलेले आईवडील तिकडे आजारी पडतात, तेव्हा भाषा, जेवण आणि एकटेपणा हे आजाराइतकेच जड जातात. म्हणून या चार गोष्टी लक्षात ठेवा.

दाखल करताना धर्म विचारला तर बिचकू नका. सांगणं तुमच्या मर्जीवर असतं. त्याचा उपयोग जेवण, प्रार्थना आणि शेवटचे विधी यांची नीट सोय व्हावी म्हणून होतो.

चॅप्लेनला भेटायचंय, असं नर्सला सांगा. हिंदू चॅप्लेन मिळेल का, हेही विचारा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा. आजाराचं बोलणं नातवंडांकडून भाषांतरित करून घेऊ नका. लहान खांद्यांवर ते फार मोठं ओझं होतं.

बहुतेक रुग्णालयांत सर्वधर्मीयांसाठी शांत खोली असते. पोथी वाचायची असेल, नमाज पढायची असेल किंवा फक्त रडायचं असेल, तरी तिथे जाता येतं. उदबत्ती, निरांजन मात्र लावू नका. ऑक्सिजन आणि आग यांचं जमत नाही, आणि धुराची घंटा वाजायला वेळ लागत नाही!

आणि आपल्याकडे?

सिडनमच्या त्या खिडकीचा उजेड आपल्यापर्यंतही आला आहे. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर तुम्ही कधीतरी गेला असाल. तिथे मेणाचे हात, पाय, हृदय विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घेऊन माउलीला वाहायचं. सगळ्या धर्मांची माणसं वाहतात. त्याच टेकडीवर १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते उभारलं. १९९३ मध्ये कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली आणि केरळमध्ये शेजारपाजारची साधी माणसं प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागली. पुण्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासूनचं.

तरी आपल्या बहुतेक रुग्णालयांत 'चॅप्लेन' अशी पाटी दिसणार नाही. ते काम आपल्याकडे वाटून घेतलेलं असतं. रात्री पाणी पाजताना दोन शब्द बोलणाऱ्या मावशी, शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाचा मुलगा, हरिपाठाचं पुस्तक घेऊन येणारे वारकरी शेजारी. हे खूप मोलाचं आहे. पण त्यात एक धोकाही असतो. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी अंगारा घेऊन येतं आणि औषधं बंद करायला सांगतं. कोणीतरी 'मागच्या जन्माचं पाप' काढतं. कोणीतरी, रुग्ण मरणाबद्दल बोलू पाहतो तेव्हा, "असं अभद्र बोलू नये," म्हणून त्याचं तोंड बंद करतं. खऱ्या आधाराची खूण सोपी आहे : तो औषध थांबवत नाही, दोष देत नाही आणि बोलणं तोडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणाला बघायला जाल, तेव्हा नारळपाणी आणि मोसंबी जरूर न्या, पण 'काय म्हणाले डॉक्टर?' हा प्रश्न थोडा उशिरा विचारा. आधी पलंगाजवळ खुर्ची ओढा, डोळ्याला डोळा भिडेल असे बसा. मोबाईल पिशवीत टाका. 'आज सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय?' एवढंच विचारा. उत्तर पाठीचं असेल, पोरांच्या फीचं असेल, देवावरच्या रागाचं असेल. दुरुस्त करायला जाऊ नका. ऐका. घरी निघताना डॉक्टरांना किंवा नर्सला सांगण्याजोगं काही असेल तर रुग्णाला विचारून ते पोचवा.

लंडनला जाणं जमेल तेव्हा जमेल. ही खुर्ची मात्र आपल्या गावच्या प्रत्येक वॉर्डात रिकामी आहे. आणि या आठवड्यात तुमच्या ओळखीचं कोणी ना कोणी तिथे दाखल असेलच.